बोल्ड इटालिक सेरिफ: आंब्याच्या पेटीवर, होडीवर, पत्रिकेवर कुठे शोभतो आणि कुठे नाही?

मिऱ्याकाठ

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत माझं डिझाइन आणि छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, खानावळींची मेनूकार्डं, होमस्टेच्या पाट्या, आणि थंडी सरता सरता आंब्याच्या पेट्यांचं काम. यंदा एका पेटीने मला जे शिकवलं ते सविस्तर लिहितोय. या टाइपाबद्दल मराठीत मनसोक्त बोलायला अजून कुणी भेटलेलं नाही, आणि इथे जाणकार बरेच आहेत.

देवगडकडचे एक बागायतदार आले. पेटीवर रोमन लिपीत 'अल्फान्सो' हा एकच शब्द मोठा हवा, खाली मराठीत 'देवगड हापूस'. "ऐटीत दिसूदे, पण मार्केटात लांबून वाचता आला पाहिजे," एवढंच त्यांचं मागणं. मी बोडोनी या टाइपाच्या वळणाचा बोल्ड इटालिक, म्हणजे ठळक आणि तिरका ठसा, लावला. जाड रेघ भरदार, बारीक रेघ केसासारखी, सगळा शब्द पुढे झुकलेला. पडद्यावर असा दिसत होता, की धोतराचा सोगा हातात धरून कुणी तरातरा चाललंय. कागदावरचा नमुनाही देखणा आला. बागायतदार खूश, मीही खूश.

मग पेट्या छापून आल्या. पुठ्ठ्यावरची छपाई रबरासारख्या मऊ प्लेटने होते. प्लेट दाबली गेली की शाई अक्षराच्या कडेने बाहेर सरकते आणि तपकिरी कागद ती पिऊन टाकतो. जाड रेघा आणखी जाडावल्या, बारीक रेघा काही ठिकाणी चक्क तुटल्या. 'पी', 'एच' आणि 'एन' या तिघांची तर दशाच झाली. इटालिकमध्ये कमान उभ्या दांड्याच्या अगदी खालून फुटते, आपण पेन न उचलता लिहितो तशी. त्यामुळे दांडा आणि कमान यांच्यामध्ये एक निमुळती पाचर राहते. बोल्डमध्ये ती पाचर मुळातच चिंचोळी. शाईने तिन्ही पाचरी बुजवल्या, दोन्ही 'ओ'ची पोटं अर्धी केली. दहा पावलांवरून बघितलं तर शब्दाच्या जागी काळा पट्टा. छापणाऱ्याचा यात काहीच दोष नव्हता. टाइप निवडला मी, आणि निवडताना पुठ्ठा हातात घेऊन बघितला नाही.

तेव्हापासून रोज रात्री याच टाइपाचा माग काढतोय. जे समजलं ते असं.

सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकाला असलेलं छोटं पाऊल, हे बहुतेकांना माहीत असेल. पण इटालिक म्हणजे उभं अक्षर नुसतं कलतं केलेलं, हा माझा समज इतकी वर्षं होता आणि तो चुकीचा होता. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउस या प्रकाशकाने व्हर्जिलच्या कविता हातात सहज मावतील अशा छोट्या आकारात छापल्या, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या इटालिकमध्ये. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, कोरली फ्रान्चेस्को ग्रिफोने. वळण घेतलं तेव्हाच्या विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षराचं. म्हणून खऱ्या इटालिकमध्ये लहान 'ए' एकमजली होतो (आपण हाताने लिहितो तसा), 'एफ'ची शेपटी ओळीखाली उतरते, दांड्याच्या पायाशी पसरट पावलाऐवजी वर उचललेला फराटा येतो. अक्षरंही उभ्या ठशापेक्षा अरुंद असतात. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की तेव्हा हा ठसा एखाद्या शब्दावर जोर द्यायला नव्हताच. पुस्तकच्या पुस्तक त्यात छापलं जायचं.

बोल्डचं घराणं वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये भिंतीवरच्या जाहिरातींसाठी लठ्ठ अक्षरं पाडायला लागले. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीने क्लॅरेंडन आणला. साध्या मजकुराच्या शेजारी बसेल, एखादा शब्द उठून दिसेल, यासाठीचा ठळक टाइप. म्हणजे इटालिक वहीतून आला आणि बोल्ड बाजारातून. दोघांच्या जन्मात तीन-साडेतीनशे वर्षांचं अंतर.

या दोघांना एकत्र केलं की जे होतं त्याला मी मनातल्या मनात 'आवाज चढवलेलं हस्ताक्षर' म्हणतो. हस्ताक्षर आहे म्हणून त्यात माणसाचा हात जाणवतो, जिव्हाळा असतो. आवाज चढवलेला आहे म्हणून दोन-चार शब्दच ऐकवत. अख्खा परिच्छेद त्यात लावला तर कुणी कानाशी तोंड आणून ओरडतंय असं होतं. माझं मत असं, की हा टाइप थोड्या शब्दांसाठी, मोठ्या मापात आणि ठोस कारण असेल तरच वापरावा.

आता प्रश्न. पुठ्ठ्यासाठी कुठला बोल्ड इटालिक टिकेल? आणि खाली 'देवगड हापूस' मराठीत आहे, त्यालाही तिरकं करायचं का? बागायतदारांचा आग्रह आहे, की दोन्ही ओळी 'एकसारख्या' दिसाव्यात.

---

जुना_जुळारी

मिऱ्याकाठ, वाचून फार बरं वाटलं. चिपळुणात खिळे जुळवण्यात माझी हयात गेली. तुम्ही ज्या पाचरीबद्दल लिहिलंय तिला आम्ही सुईने टोकरायचो. ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, दोनेक हजार पत्रकं निघाली की इटालिकच्या खिळ्यांत शाईचा मळ घट्ट बसायचा, मग रॉकेलचा बोळा आणि सुई.

इटालिक 'एफ'बद्दल एक सांगतो. शिशाचा खिळा चौकोनी असतो आणि हे अक्षर तर वर उजवीकडे आणि खाली डावीकडे पसरलेलं. ते चौकोनात मावत नाही. म्हणून त्याचं टोक खिळ्याच्या बाहेर लोंबतं ठेवलेलं असे आणि शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेकत असे. शेजारी उंच अक्षर आलं की ते टोक त्याच्यावर आपटून मोडायचं. म्हणूनच 'एफ-आय', 'एफ-एल' असे जोडखिळे ओतलेले असत. ते हौसेसाठी नव्हते. आमच्या केसमध्ये इटालिकच्या 'एफ'च्या खणात निम्मे खिळे थोटे असायचे आणि मालक नवीन मागवताना दहादा विचार करायचे. मराठी डिग्रीच्या, म्हणजे मात्रा-रफार बाहेर लोंबणाऱ्या, खिळ्यांचं दुखणं तसंच, रफार आणि मात्रा आधी जायच्या.

बोल्ड इटालिक तर आमच्याकडे फक्त एका मापाचा होता, १८ पॉइंट. तो लग्नपत्रिकेतल्या इंग्रजी नावांना आणि एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाला निघायचा. खिळे कमी, म्हणून शब्द कमी. तुम्ही जे 'थोड्या शब्दांसाठी' म्हणता ते आम्ही नाइलाजाने पाळत होतो, पण कामं बघायला अजून छान वाटतात.

मोठ्या छापखान्यांत लायनोटाइप होतं, अख्खी ओळ एकदम ओतणारं यंत्र. तिथे आणखी एक गंमत. एकाच पितळी साच्यावर दोन अक्षरं कोरलेली असत, एक साधं आणि दुसरं त्याचंच इटालिक किंवा बोल्ड. साचा एक म्हणजे रुंदी एक. त्यामुळे इटालिक, जो स्वभावाने अरुंद, तो ताणून उभ्या अक्षराइतका पसरवावा लागे. आणि एका साच्यावर दोनच जागा, मग साध्याबरोबर इटालिक घेतला तर बोल्ड नाही, बोल्ड घेतला तर इटालिक नाही. दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर वेगळा संच. साहजिकच बोल्ड इटालिक फारसा कुणी घेत नसे.

---

कुडाळची_शिरोरेखा

जुळारीकाकांनी लायनोटाइपचं लिहिलं, त्याला पुढचा दुवा जोडते. बोल्ड इटालिक हा घरातला चौथा भाऊ ठरला तो संगणकामुळे. १९८५ मध्ये अॅपलचा लेझरप्रिंटर आला, त्यात १३ फाँट होते. टाइम्सचे चार, हेल्वेटिकाचे चार, कुरियरचे चार आणि एक चिन्हांचा. चार म्हणजे साधा, इटालिक, बोल्ड, बोल्ड इटालिक. त्यानंतर लेखनाच्या प्रत्येक सॉफ्टवेअरात ठळक आणि तिरकं अशी दोन बटणं शेजारी शेजारी आली, आणि दोन्ही दाबली की चौथा भाऊ हजर झालाच पाहिजे अशी लोकांची अपेक्षा झाली. ज्या कुटुंबात तो नाहीच तिथे सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने साधं अक्षर फुगवतं आणि ढकलून तिरकं करतं. हा बनावट माल ओळखायची सोपी खूण म्हणजे लहान 'ए'. दुमजलीच राहून नुसता कलला असेल तर बहुधा तो खरा इटालिक नव्हे.

आता मराठीकडे. मिऱ्याकाठ, कृपा करून 'देवगड हापूस' तिरकं करू नका. हात जोडते.

मंगल हा फाँट घ्या. विंडोजमध्ये त्याचे साधा आणि बोल्ड एवढेच दोन संच मिळतात. त्यावर तिरक्याचं बटण दाबलं की जे दिसतं ते ढकललेलं मंगल. त्यात होतं काय? शिरोरेखा आडवीच राहते, कारण आडवी रेघ ढकलली तरी आडवीच. काना, वेलांटी, दांडे मात्र कलंडतात. दोरीवर घातलेले कपडे वाऱ्याने एका बाजूला उडावेत आणि दोरी तशीच राहावी, तसं. 'ठ' आणि 'ढ'ची गोलाई अंड्यासारखी होते.

दुसरं कारण याहून खोल आहे. रोमन अक्षरांची जाड-बारीक रेघ ज्या टाकाने आली त्याचं टोक एका अंगाला छाटलेलं. आपला बोरू त्याच्या उलट अंगाला छाटतात. त्यामुळे जाडीचा कलही उलट. रोमनमध्ये वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी रेघ जाड, आपल्याकडे खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी. संगणक अक्षर उजवीकडे ढकलतो तेव्हा आपली हीच जाड रेघ ताणली जाऊन पातळ होते. म्हणजे अक्षराचा कणाच जातो.

देवनागरीत विचार करून केलेले बोल्ड इटालिक नाहीतच असं मात्र नाही. अडोबी देवनागरीत चारही संच आहेत. विंडोजसोबत आलेल्या कोकिळा, उत्साह आणि अपराजिता यांतही आहेत. इंग्रजी-मराठी मिश्र मजकुरात इंग्रजी शब्द तिरका झाला की शेजारचा मराठी शब्द अगदीच परका वाटू नये, यासाठी त्यांचा उपयोग होतो. पण पेटीवरच्या दोन शब्दांसाठी तो मार्ग नव्हे.

आणि फाँट निवडताना मराठी वळणाचे 'श' आणि 'ल' बघून घ्या. 'दर्या' आणि 'दऱ्या' असे दोन शब्द टंकून बघा. आपल्या किनाऱ्यावर समुद्र आणि दरी यांतला फरक त्या एका अर्ध्या 'र'वर उभा आहे.

---

हर्णैचा_वारा

वाचतोय. लिहीत राहा सगळे.

---

बांगडा_अभ्यासक

मी मत्स्यविज्ञान शिकतेय. आमच्या विषयात बोल्ड इटालिक ही हौस नाहीच, नियमाने येतो. प्राण्याचं शास्त्रीय नाव इटालिकमध्ये लिहायचं असतं. बांगडा म्हणजे रास्ट्रेलिगर कनागुर्ता, तारली म्हणजे सार्डिनेला लाँगिसेप्स. साध्या मजकुरात हे दोन शब्द तिरके. पण हेच नाव प्रकरणाच्या ठळक मथळ्यात आलं तर? मथळा ठळक, नाव तिरकं, दोन्ही पाळायचं म्हणजे बोल्ड इटालिक. आणि नावापुढे 'जातीचा उल्लेख नाही' अशा अर्थाने जे 'एसपी.' लावतात ते सरळच ठेवायचं, तिरकं करायचं नाही. प्रबंध तपासताना मॅडम या एका गोष्टीवर पानंच्या पानं परत करतात.

तिथे सेरिफ असला तर फायदा होतो हा माझा अनुभव. सेरिफ नसलेल्या पुष्कळ टाइपांत इटालिक म्हणजे नुसतं कललेलं अक्षर असतं. ठळक मथळ्यात ते कलणं जाणवतच नाही. सेरिफच्या खऱ्या इटालिकमध्ये 'ए' बदलतो, 'एफ' बदलतो, त्यामुळे नाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते चटकन कळतं.

मिऱ्याकाठदादा, पेटीवर हापूसचं शास्त्रीय नाव टाकणार असाल तर मँजिफेरा इंडिका तिरकं करा, म्हणजे आमचे दापोलीचे मित्रही नावं ठेवणार नाहीत.

---

वेंगुर्ल्याचे_मास्तर

भौतिकशास्त्रातही. सदिश राशी, म्हणजे बलासारख्या दिशा असलेल्या राशी, छापताना बोल्ड इटालिक वापरायचा, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा संकेत आहे. फळ्यावर ठळक लिहिता येत नाही म्हणून आम्ही अक्षराच्या डोक्यावर बाण काढतो. मुलं पुस्तकात बाण शोधतात आणि गोंधळतात. दर वर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला मी पुस्तक उघडून ते जाड तिरकं 'एफ' दाखवतो आणि सांगतो, हाच तो बाणवाला.

---

दांडीवरचो_रंगारी

भावा, बरां लिवलंस. माझो बापूस मालवणात होड्यांवर नावां रंगवायचो, आता मी रंगवतंय. पुढचा प्रमाण मराठीत लिवतंय, सगळ्यांका कळाक व्हया.

होडीवर इंग्रजी नाव टाकायचं असलं की मालक हमखास तिरकं, जाड, शेपटीवालं अक्षर मागतात. होडी पळते आहे असं वाटायला हवं. ब्रशनेही ते छान निघतं, कारण चपटा ब्रश ओढत नेला की टोकाचा फराटा आपसूक येतो, टाकासारखाच. पण वडिलांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट दाखवली होती. होडीच्या उजव्या अंगासमोर उभे राहा. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, तुमच्या उजव्या हाताला येते. अक्षर उजवीकडे झुकतं, म्हणजे नाळेकडे. होडी आणि नाव दोन्ही एकाच दिशेने धावतात. आता फिरून डाव्या अंगाला या. नाळ तुमच्या डाव्या हाताला. वाचायचं मात्र डावीकडून उजवीकडेच, आणि अक्षरही उजवीकडेच झुकलेलं. म्हणजे ते होडीच्या मागच्या बाजूला कलतं. होडी पुढे जाते आणि नाव मागे ओढतं, भर वाऱ्यात कुणी पाठीवर रेलून बसल्यासारखं.

वडील डाव्या अंगाला तेच नाव सरळ उभ्या जाड अक्षरांत काढायचे. काही जण तिथे उलट, डावीकडे कललेलं अक्षर काढतात, पण ते वाचायला अवघड जातं आणि मला स्वतःला आवडत नाही. मी वडिलांचंच चालवतो. लांबून कुणाला फरक कळत नाही, दोन्ही बाजू नीट वाटतात एवढंच. टेम्पोवर नावं टाकणाऱ्यांनीही हे बघावं, गाडीला पण दोन अंगं असतातच.

आणि नोंदणीचा नंबर कधीच तिरका करायचा नाही. तो साधा, उभा, सेरिफ नसलेला. पाण्यावरून, लाटेत हलताना, दुसऱ्या बोटीतून वाचायचा असतो तो.

---

सावंतवाडी_चित्रे

'मराठी तिरकं करूच नका' हे मला पटलेलं नाही. शिरोरेखाताईंचा राग संगणकावर आहे आणि शिक्षा लिपीला होतेय. मराठी नाटकांच्या जाहिराती आठवा. कमल शेडग्यांनी हाताने काढलेली नावं किती वेळा झुकलेली, उड्या मारणारी, वळणारी असत. माझ्या लहानपणी आमच्याकडच्या किराणा दुकानांच्या पाट्याही तिरक्या मराठीत होत्या आणि काय सुंदर होत्या. पेंटर शिरोरेखेलाही थोडा चढ द्यायचा, काना कमी झुकवायचा, 'ठ'ची गोलाई हाताने सांभाळायचा. प्रश्न झुकण्याचा नाहीच. हाताने झुकवलं की बटणाने ढकललं, प्रश्न हा आहे.

---

कुडाळची_शिरोरेखा

चित्रे, तुमचं म्हणणं मान्य, आणि मी जे सरसकट लिहिलं ते मागे घेते. शेडग्यांची अक्षरं हा रेखाटलेल्या नावांचा प्रांत. तिथे प्रत्येक अक्षर त्या एका शब्दासाठी जन्माला येतं. फाँटमध्ये तेच अक्षर हजार शब्दांत बसवायचं असतं.

पण यातून एक गोष्ट कधीची मनात आहे, ती लिहितेच. इटालिक म्हणजे छापलेलं धावतं हस्ताक्षर. मग आपलं धावतं हस्ताक्षर कुठलं? मोडी. हात न उचलता लिहायची, आधी पानभर रेघा मारून घ्यायच्या आणि मग त्यांच्याखाली अक्षरं धावत सोडायची. बखरी, हिशेब, जमिनीचे कागद सगळे तिच्यात. युरोपात धावतं हस्ताक्षर आणि उभं अक्षर एकाच लिपीचे दोन चेहरे म्हणून छापखान्यात शेजारी शेजारी राहिले. आपल्याकडे दोन वेगळ्या लिप्याच झाल्या. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात मोडीचे खिळेही पाडले होते, पण पुढे पुस्तकं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, स्थिरावली आणि मोडी दप्तरात राहिली. देवनागरीच्या कुटुंबात इटालिक नावाचा सख्खा भाऊ नाही, याचं कारण मला इथे सापडतं. तो भाऊ होता, पण दुसऱ्या घरात वाढला.

कुणाला देवनागरीचं खरं इटालिक करायचं असेल तर मोडीची वळणं घेऊन करावं. 'ढकलणं' नको, 'धावणं' हवं. मी वहीत थोडं करून बघतेय. 'क' आणि 'ज' जमले आहेत. 'अ' अजून रुसलेला आहे.

---

जुना_जुळारी

शिरोरेखा, आमचे आजोबा मोडीत हिशेब लिहायचे. वही आहे घरी. 'अ'ची पाच-सहा रूपं तरी मिळतील तिच्यात. फोटो काढून देतो.

---

पत्रिकावाली

पत्रिकांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. इंग्रजी पत्रिकेत हा टाइप वापरायची माझी एकच आवडती जागा आहे, वर आणि वधूच्या नावांमधलं 'अँड'चं चिन्ह. ते चिन्ह म्हणजे लॅटिनमधला 'एत' हा शब्द, 'ई' आणि 'टी' एकात एक गुंफलेले. उभ्या ठशात ती गुंफण ओळखूही येत नाही. कॅसलन या टाइपाचं इटालिक बघा, त्यात दोन्ही अक्षरं हातात हात घातलेली दिसतात. मी दोन्ही नावं साध्या सेरिफमध्ये लावते, मधे ते एकच चिन्ह बोल्ड इटालिकमध्ये, दुप्पट मापाचं, सोनेरी. सगळ्या पत्रिकेत तेवढाच तिरका ठसा. पार्टीला नमुना दाखवला की बोट बरोबर त्या चिन्हावर जातं.

नावंच बोल्ड इटालिकमध्ये हवीत असा हट्ट असेल तर प्लेफेअर डिस्प्ले फुकट मिळतो आणि त्यात खरा बोल्ड इटालिक आहे. पण त्याच्या बारीक रेघा फार बारीक. चांगल्या आर्टकार्डावर, मोठ्या मापात. हातकागदावर किंवा स्क्रीन प्रिंटला नको, मिऱ्याकाठ यांच्या पेटीसारखंच होईल.

---

मिऱ्याकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण नमुने काढत होतो.

बोडोनी सोडला. जाड आणि बारीक रेघेत इतका फरक असलेला कुठलाही टाइप पुठ्ठ्याच्या कामाचा नाही. जॉर्जियाचा बोल्ड इटालिक घेतला. मॅथ्यू कार्टर यांनी तो पडद्यासाठी, जाड ठिपक्यांतही वाचता यावा म्हणून आखला आणि १९९६ मध्ये तो बाहेर आला. बारीक रेघा पुरेशा धष्टपुष्ट, पोटं मोकळी, आणि इटालिक खरा. पुठ्ठ्याची आणि जुन्या मॉनिटरची अडचण सारखीच निघाली, दोघांनाही नाजूकपणा झेपत नाही.

मग आणखी एक युक्ती केली. याच कार्टर यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी बेल सेंटेनिअल केला होता. त्याला सेरिफ नाहीत, पण स्वस्त कागदावर शाई पसरणार हे धरून रेघा जिथे भेटतात तिथे मुद्दाम खाचा ठेवल्या होत्या. शाई त्या खाचेत जाऊन बसते आणि अक्षर नेमकं होतं. मी शब्दाच्या बाह्यरेषा उघडून 'पी', 'एच', 'एन'च्या त्या तीन पाचरींत तशाच खाचा कापल्या. अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलं. पडद्यावर शब्द कुरतडल्यासारखा दिसतो. पुठ्ठ्यावर छापून भिंतीला टेकवला आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवरून बघितला, एकेक अक्षर सुटं वाचता येतं आणि शब्द अजून तरातरा चालतोय. जुळारीकाका, तुमची सुई मी छापायच्या आधीच फिरवली असं समजा.

मराठी ओळ उभीच ठेवली. चित्रे, तुमचा मुद्दा पटला म्हणूनच ती फाँटात न लावता इथल्या एका पेंटरकडून बोरूने लिहवून घेतली. तेही उभ्या वळणात, पण 'स'ची शेपटी आणि 'ड'चा शेवट त्यांनी असा सोडलाय, की वरच्या तिरक्या शब्दाशी नातं जुळतं. बागायतदारांना समजावताना मला बाळशास्त्री जांभेकरांचा आधार मिळाला. जांभेकरांचं पोंभुर्ले गाव बागायतदारांच्याच देवगड तालुक्यात. १८३२ साली 'दर्पण' निघालं तेव्हा एका पानावर दोन स्तंभ असत, एकात इंग्रजी आणि एकात मराठी. दोन लिप्या शेजारी, प्रत्येक आपल्या वळणात. मी म्हटलं, एकसारख्या दिसण्यापेक्षा एका घरच्या दिसल्या की झालं. ते बराच वेळ नमुन्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "ह्यो हापूस वाचूक येता. चलात."

रंगारीभाऊ, तुमचं वाचल्यावर पेटीही परत बघितली. पेटीला नाळ नाही, पण पेट्या ज्या टेम्पोतून जातात त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांना हेच नाव हवंय. उजव्या बाजूला तिरकं आणि डाव्या बाजूला उभं असे दोन कागद आजच कापून ठेवले. डाव्या बाजूच्या उभ्या अक्षरांना जॉर्जियाचाच साधा बोल्ड लावलाय. तुम्ही ब्रशने काढताना उभ्या अक्षराची रुंदी तिरक्याइतकीच ठेवता की वाढवता? दोन्ही बाजूंना शब्दाची लांबी सारखी भरवायची आहे आणि माझा उभा शब्द चार बोटं लांब होतोय.

---

दांडीवरचो_रंगारी

लांबी सारखी करू नको. वडील दोन्ही बाजूंना नावाची सुरुवात आणि शेवट मोजायचे नाहीत, मधलं अक्षर मोजायचे. मधलं अक्षर दोन्ही अंगांना एकाच फळीवर आलं की झालं. उभा शब्द दोन्हीकडे दोन-दोन बोटं जास्त जाऊदे. होडीभोवती फिरून बघणाऱ्याला दोन्ही बाजू एका वेळी दिसत नाहीत.